आधी चूल, मग व्याख्या

बडोद्यात समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाचे पेपर मी पुष्कळ वर्षे तपासले. कुटुंबसंस्थेवर प्रश्न आला की उत्तर ठरलेले असायचे: औद्योगिकीकरण आणि नागरीकरण यांमुळे एकत्र कुटुंबपद्धती मोडली, तिच्या जागी विभक्त कुटुंबे आली. मग पाच कारणे, पाच परिणाम आणि शेवटी उपसंहार. उत्तर गुजरातीत, अक्षर सुवाच्य, मुद्द्यांखाली रेघा. असेच उत्तर लिहिणारी एक मुलगी माझ्या चांगली लक्षात आहे. दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरातली. त्या वर्षी गणपतीचे दहा दिवस ती वर्गात दिसली नव्हती. विचारले तेव्हा म्हणाली, "मॅडम, आमचा गणपती वाड्यातच बसतो. एक काका मांजलपूरहून येतात, एक वाघोडिया रोडवरून, धाकटे पुण्याहून. दहा दिवस सगळ्यांचं एकत्र असतं. आई एकटी किती करणार?" चार भाऊ चार ठिकाणी राहणारे. पण वाड्याच्या कागदांवर चौघांची नावे, देव एकच, आणि मधल्या काकांच्या ऑपरेशनचा खर्च चौघांनी वाटून घेतलेला. हे कुटुंब एकत्र की विभक्त? पेपरात तिने विभक्त लिहिले. नमुना उत्तरात तेच होते, म्हणून मी तिला पूर्ण गुण दिले. ते गुण मला अजून टोचतात.

तिच्या घरात कुटुंबसंस्थेचा अख्खा धडा दहा दिवस चालू होता आणि तो आमच्या विषयात मोजला जातो हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून मी आग्रहाने म्हणते की विद्यापीठातले समाजशास्त्र व्याख्येपासून सुरू करू नये. पहिल्या सत्रातले निदान दोन महिने मुलांनी आपले घर, आपली पोळ (जुन्या शहरातली गल्लीवस्ती), आपली सोसायटी वहीत उतरवावी. नुसता उपक्रम म्हणून नव्हे. त्या वहीला लेखी परीक्षेइतके गुण असावेत. पाठ्यपुस्तकातले परदेशी समाजशास्त्रज्ञ, मॅकआयव्हर काय म्हणाले आणि गिन्सबर्ग काय म्हणाले, हे त्यानंतर शिकवावे, मुलांच्या हाताशी ताडून पाहायला काहीतरी असताना.

ही गोष्ट बडोद्यात पटवून द्यावी लागते याचे मला जास्त वाईट वाटते. महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू होऊन दोनच वर्षे झाली होती तेव्हा, १९५१ मध्ये, एम. एन. श्रीनिवास इथे समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले आणि १९५९ मध्ये दिल्लीला जाईपर्यंत इथेच राहिले. मुंबईत ते समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या हाताखाली तयार झालेले, पुढे ऑक्सफर्डला शिकलेले. पण त्यांचे खरे शिक्षण १९४८ मध्ये म्हैसूरकडच्या एका खेड्यात मुक्काम ठोकल्यावर झाले असे मला वाटते. तंटा सोडवायला कोणाला बोलावतात, जमीन कोणाकडे आहे, देवाची पालखी कोणाच्या दारात थांबते हे पाहत पाहत 'प्रभुत्वशाली जात', म्हणजे गावात जिचा शब्द चालतो ती जात, ही कल्पना आकाराला आली. निवडणुकीच्या दिवसांत पानाच्या टपरीवर ज्याच्या तोंडी बघावे त्याच्या तोंडी असलेला 'व्होट बँक' हा शब्दही त्यांच्याच १९५५ च्या लेखातून आला असे मानतात. म्हणजे त्यांचा मुक्काम बडोद्यात होता तेव्हाचा. आपली मुले हे सारे आता तीन ओळींच्या व्याख्येत पाठ करतात. पाहण्यातून निघालेली कल्पना न पाहता शिकवली की तिचा नुसता शब्द उरतो.

कुटुंबाच्या बाबतीत तर ही चूक आणखी डोळ्यांत भरते. 'एकत्र की विभक्त' या प्रश्नावर देशात ज्यांनी सर्वांत नेटाने काम केले त्यांतले दोघे याच विद्यापीठाशी जोडलेले होते. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा गावच्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे असे की कोण कोणाच्या ताटात जेवतो आणि कोणत्या छपराखाली झोपतो एवढ्यावरून कुटुंब एकत्र आहे की नाही हे ठरत नाही. मालमत्ता कोणाची, अडीअडचणीला कोण कोणाच्या पाठीशी उभे राहते, लग्नकार्याचा निर्णय कोण घेते, हे बघायला हवे. श्रीनिवासांचेच बडोद्यातले विद्यार्थी ए. एम. शाह खेडा जिल्ह्यातल्या राधवाणज गावात राहिले. एका घरात राहणारी माणसे ही एक गोष्ट आणि नात्याचे कुटुंब ही दुसरी, ही दोन्ही वेगवेगळी मोजली पाहिजेत असे त्यांनी दाखवले. 'पूर्वी सगळे एकत्र होते, आता सगळे फुटले' या लाडक्या गोष्टीला त्यांनी पुराव्यानिशी प्रश्न विचारले.

यातली गंमत अशी की हा भेद आपल्या आज्यांना ठाऊक होता. "चूल वेगळी झालीय, वाटणी नाही झाली अजून," असे माझी आजी शेजारच्या घराबद्दल म्हणायची. त्या एका वाक्यात देसाई आणि शाह दोघेही आहेत. 'विभक्त' या पुस्तकी शब्दाने मात्र चूल आणि वाटणी यांची सरमिसळ करून टाकली. माझ्या विद्यार्थिनीने पेपरात आजीचे वाक्य लिहिले असते तर तिचे उत्तर जास्त शास्त्रीय ठरले असते.

वहीतून काय हाती लागते याचा मी पाहिलेला सर्वांत चांगला दाखला नात्यांचा आहे. एका वर्षी मी मुलांना एवढेच सांगितले की घरातल्या कोणाला काय हाक मारता याची यादी करून आणा. आमचा वर्ग मिश्र असायचा: पटेल, वाणिया, राजपूत, दोन-तीन मुसलमान मुली, आदिवासी वसतिगृहातली मुले, आणि आम्ही दांडिया बाजार-रावपुऱ्याकडचे मराठी. एका मराठा मुलीच्या यादीत तिच्या आईची सासू 'आत्याबाई' होती. का, असे विचारल्यावर ती सहज म्हणाली, "आजी म्हणजे आईची सख्खी आत्याच ना. आणि आता माझ्या ताईचंही आत्याच्या मुलाशीच ठरलंय." वर्गात क्षणभर कोणी काही बोलेना. मग मागच्या बाकावरून एक मुलगी खरोखर घाबरून म्हणाली, "फोईनो दीकरो तो भाई कहेवाय!" तिच्या घरी आत्याचा मुलगा राखी बांधून घेणारा सख्ख्यासारखा भाऊ. हिच्या घरी तोच पहिला हक्काचा नवरा. दोन्ही मुली हिंदू, एकाच शहरातल्या, एकाच बाकाच्या अंतरावर बसणाऱ्या.

त्या दिवशी मी पुढचा धडा बाजूला ठेवला. तेवढ्यात एक कोकणस्थ मुलगा म्हणाला की आमच्यात मामाची मुलगी करत नाहीत. देशस्थ मुलीने सांगितले की आमच्यात चालते. म्हणजे 'मराठी लोकांत असे असते' हेही पुरते खरे नाही. आणि मराठी घरांतही मामाची मुलगी चालते म्हणून आत्याची मुलगी चालतेच असे नाही. मुलगी ज्या घरात दिली तिथून उलट मुलगी आणायची नाही, हा नियम अनेकजण पाळतात. का? मुलीकडच्यांनी नमते घ्यायचे, ही उतरंड उलटी होऊ नये म्हणून, असे मुलांनी आपसांत बोलून स्वतःच शोधून काढले. इरावती कर्व्यांनी भारतातल्या नातेसंबंधांचे जे प्रादेशिक चित्र १९५३ मध्ये मांडले ते मी त्यानंतर फळ्यावर काढले, तेव्हा एकही मूल जांभई देत नव्हते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जवळच्या नात्यातल्या लग्नाला मनाई आहे, पण रूढी असेल तर सूट आहे, हेही सांगितले. मागच्या बाकावरच्या ज्या मुलीला ते पाप वाटले होते तिने विचारले, "म्हणजे पाप काय ते रूढी ठरवते?" इतका नेमका प्रश्न मला कोणत्याही गाइडात सापडलेला नाही. तो पहिल्या महिन्यातच, अठरा वर्षांच्या मुलीने, स्वतःच्या तोंडाने विचारला.

दर्जा ही संकल्पना अशीच शिकवता येते. अर्पित दर्जा जन्माने मिळतो, अर्जित दर्जा कर्तृत्वाने, असे पुस्तक सांगते. मग नाशिककडच्या कवळाणे गावातल्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक येतो आणि बडोद्याचा महाराज होतो, तो कोणत्या रकान्यात? जन्माने नाही, कर्तृत्वाने तर अजिबात नाही. दत्तकविधीने समाज एखाद्याला नवा जन्म देतो, हे ओघाने आलेच. सयाजीरावांच्या पुतळ्यासमोरून रोज जाणाऱ्या मुलाला हे उदाहरण पुस्तकातल्या अमेरिकेच्या उदाहरणापेक्षा नक्कीच जवळचे आहे.

आम्हा बडोदेकर मराठी लोकांनी या वहीत स्वतःबद्दलही लिहायला हवे, आणि ते सोपे नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत सुरू झाला आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानाला लागू झाला, हे आम्ही अभिमानाने सांगतो आणि सांगावेच. पण गायकवाडांबरोबर कोणत्या जातींची माणसे आली, कचेऱ्यांतल्या जागा कोणाला मिळाल्या, इनामे कोणाकडे गेली, वाड्याच्या मागच्या दाराने कोण यायचे, हे आमच्या घरांत कोणी विचारत नाही. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाले, १९६० मध्ये गुजरात वेगळे राज्य झाले. एकेकाळी दरबारी कारभारात चालणारी मराठी भाषा दोन पिढ्यांत स्वयंपाकघरापुरती आणि गणपतीच्या आरतीपुरती उरली. सत्तेची भाषा अल्पसंख्याकांची भाषा होते तेव्हा घरात काय काय बदलते, हे आमच्याइतके जवळून पाहिलेले लोक थोडे असतील. आमची मुले ते दुःख म्हणून ऐकतात. अभ्यास म्हणून त्याकडे कोणी पाहायला सांगत नाही.

जातीच्या धड्यापाशी येऊन माझी पद्धत अडखळली. तेही सांगितलेच पाहिजे.

१९१३ मध्ये बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला गेले. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. जातीचे मर्म बेटीबंदीत आहे, स्त्रीवरच्या बंधनांतून जात टिकवली जाते, हा त्याचा गाभा. पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले आणि या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत निघून जायला सांगितले. गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटीबागेत बसून होते. ज्या शहराच्या पैशाने त्यांनी जातीवर शास्त्रीय लेखन केले त्याच शहराने त्यांना छप्पर दिले नाही. समाजशास्त्र शिकवणाऱ्याला याहून मोठा धडा इथे नाही. कमाटीबागेत सकाळी फिरायला जाणाऱ्या मुलांना हे सांगून मी पाठवायचे: आज या शहरात भाड्याने घर मागायला गेल्यावर कोणते प्रश्न विचारतात ते नोंदवा. आडनाव. अंडी खाता का. लग्न झालेय का. आणि त्यापुढे काही भागांत १९९१ च्या कायद्याने लागू असलेला 'अशांत धारा' (अशांत ठरवलेल्या भागांसाठीचा कायदा), ज्यात मालमत्ता विकायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. कोणाचे घर कोणाच्या शेजारी असावे हे ठरवण्यात बाजार, कायदा, भीती आणि पूर्वग्रह कसे हातात हात घालून काम करतात, हे मुले एका आठवड्याच्या नोंदींत पाहायची.

पण सुरुवातीच्या वर्षांत मी एक मोठी चूक केली. सर्वांना सांगितले की आपापल्या वस्तीतल्या जातींची नोंद करून आणा आणि वर्गात वाचा. एका मुलाची वही कोरी आली. तास संपल्यावर तो दारापाशी थांबला. "मॅडम, मी खरं लिहिलं तर उद्या माझ्या बाकावर कोण बसेल?" मी त्याला काय उत्तर दिले ते आठवत नाही, बहुधा दिलेच नाही. घरापासून सुरू होणाऱ्या समाजशास्त्रावरचा हा सर्वांत खरा आक्षेप आहे आणि तो मी कधीच हलका मानला नाही. ज्याचे घर समाजाने लाजिरवाणे ठरवले आहे त्याला ते उघडे करायला लावणे हा जुलूम आहे.

म्हणून त्यानंतर मी तीन गोष्टी ठरवल्या. वही शिक्षकाखेरीज कोणी वाचणार नाही. स्वतःचे घर नको असेल तर दुसरी कोणतीही जागा घ्यावी: बस थांबा, मंदिराची रांग, लग्नाचा हॉल, सेव उसळीचे दुकान. आणि पहिले वाचन शिक्षकाने स्वतःच्या घराचे करावे. मी वर्गात माझे वाचले. आमच्या रावपुऱ्यातल्या घरी मागच्या दाराशी कोनाड्यात एक कानतुटका कप असे. भांडी घासायला येणाऱ्या मावशींना त्यात चहा मिळे, आणि तो त्या स्वतःच विसळून पुन्हा तिथे ठेवत. आम्ही त्यांना प्रेमाने मावशी म्हणत होतो, दिवाळीला लुगडे देत होतो, आणि कप वेगळा होता. हे वाचताना माझा आवाज नीट राहिला नाही. त्यानंतर वर्गातल्या ज्या मुलांनी तोवर "आमच्या घरी जातबीत काही नाही" असे लिहिले होते त्यांच्यातल्या कित्येकांनी पाने बदलून आणली. एरवी जातीचा धडा आला की सारा वर्ग राखीव जागांवरच्या मुलांकडे वळून बघतो, जणू जात फक्त त्यांनाच आहे. घरापासूनची सुरुवात ती मान उलटी वळवते. जातीचे ओझे ज्यांना कधी जाणवले नाही त्यांनी आधी आपला कोनाडा तपासावा. या एका कारणासाठी मी या पद्धतीचा आग्रह धरीन.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे: अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे. मान्य. माझी गल्ली म्हणजे भारत नव्हे, आणि 'आमच्यात असंच असतं' हे वाक्य समाजशास्त्राचा शेवट आहे, सुरुवात नव्हे. म्हणून वहीनंतर तुलना हवी आणि आकडे हवेत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १८९७ मध्ये आत्महत्येसारख्या अगदी एकट्या माणसाच्या कृतीतही समूहानुसार दर कसे बदलतात ते आकडेवारीतून दाखवले. मुलांनी आपल्या सोसायटीतल्या पंचवीस घरांतल्या माणसांची संख्या मोजावी आणि २०११ च्या जनगणनेतल्या वडोदरा जिल्ह्याच्या तक्त्याशी ताडून पाहावी. जुळले नाही तर का, हे शोधावे. आधी व्याख्या शिकलेला मुलगा हे करतच नाही, कारण त्याच्याकडे ताडून पाहायला स्वतःचे काही नसते.

वर्गात शंभर-सव्वाशे मुले, शिक्षक अपुरे, इंटर्नलचे गुण देण्याची घाई, या अडचणी खऱ्या आहेत. त्यांवर माझे उत्तर एवढेच की वीस पानांची वही वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच एकसारख्या उत्तरांचे पेपर तपासायला लागतो, आणि वही वाचताना शिक्षकही शिकतो.

भाषेचा प्रश्न मात्र मोठा आहे. आमची मुले घरी मराठी, बाजारात गुजराती, मोबाइलवर हिंदी आणि परीक्षेत गुजराती किंवा इंग्रजी अशी जगतात. पुस्तकातला प्रत्येक पारिभाषिक शब्द त्यांना परका वाटतो. याच शहरात १९३१ मध्ये 'श्री सयाजी शासन शब्दकल्पतरू' निघाला, राज्यकारभारातल्या शब्दांना आठ भाषांतले प्रतिशब्द देणारा. दप्तरातल्या कारकुनासाठी एवढे कष्ट घेतले गेले. मग पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वह्यांतून चूल, वाटणी, खडकी, पोळ, ओटला, पंगत, व्याही आणि त्याचा गुजराती भाऊ वेवाई, अशा शब्दांचा एक साधा कोश दरवर्षी थोडाथोडा वाढवत का नेऊ नये? प्रत्येक शब्दामागे एक घर असेल, तारीख असेल, आणि तो शब्द कोणाच्या तोंडी कोणत्या अर्थाने आला ते असेल.

दांडिया बाजारातल्या त्या विद्यार्थिनीचा मध्ये फोन आला होता. ती आता नोकरी करते. वाडा बिल्डरला दिला, म्हणाली. चारही भावांच्या सह्या व्हायला दोन वर्षे लागली. आता वाटणी झाली. पण गणपती कोणाकडे, यावर श्रावणात मांजलपूरच्या काकांकडे बैठक बसली, आणि ठरले की दरवर्षी एकेका घरी पाळीने बसवायचा, दहा दिवस सगळ्यांची चूल तिथे. पुण्याच्या काकांची पाळी आली की सगळे बडोद्याहून पुण्याला जाणार. सुनांपैकी कोणाला विचारले होते का, असे मी विचारले. थोडा वेळ ती गप्प राहिली आणि म्हणाली, "नाही, बैठकीत फक्त काका आणि बाबा होते. आम्ही आत होतो, चहा करत." मी तिला म्हटले, हे सगळे तारखा घालून लिहून काढ.